तिसरा हिस्सा

ग्रेनोबलच्या तळघरात रात्रीचे पावणेतीन.
पंप धापा टाकतोय.
मायलिस बूट काढून खुर्चीत मांडी घालून बसलेली,
पडद्यावर एक रेघ, तिरकी, आज्ञाधारक.

पाव, निम्मं, पाऊण, सव्वा, दीड, अडीच,
सगळ्यांना माझ्या भाषेत घरचं नाव.
इलेक्ट्रॉनच्या तिसऱ्या हिश्शाला
मी काय हाक मारू?

एकानं दुसऱ्याभोवती प्रदक्षिणा घातली,
निघाला तिथेच परत आला.
मोजलं तर सगळं जिथल्या तिथे.
इतर कण असते तर विसरले असते.
हे विसरत नाहीत.

कळतं कसं?
रेघ अचानक सरकते,
अंधारात जिन्याची एक पायरी चुकावी तशी.
सात आठवड्यांत अशा चार उड्या.
त्यांतल्या दोन लिफ्टच्या निघाल्या.

सहाला फेरेओल येतो, हेलियमची वही काखेत.
गरम खुर्चीची अदलाबदल.
"काही?"
ती एक आकडा लिहिते, खोडते,
पुन्हा तोच लिहिते.

बाहेर इझेरवर धुकं.
घरापाशी येऊनही ती उगाच
घराला वळसा घालते.
दार तेच. किल्ली तीच.
किल्ली लगेच फिरत नाही.