झाकण

चोपड्याचे नेहेते सर गणित शिकवायचे,
गाडीही वहीत मांडायचे.
मार्चात त्यांची आठशे आमच्या छपराखाली आली
ट्रॅक्टरमागून, दोराने ओढत,
डिकीवर केळीच्या चिकाचे डाग,
आरशाला सात लिंबं, सात वेगवेगळ्या शनिवारांची.

पंप नवा. कॉइल नवी. प्लग दोनदा.
जळगावात कार्बोरेटर खोलून बसवलेला,
त्यातला एक स्क्रू उरला
तो सरांनी पुडीत बांधून जपलेला.
"चालता चालता मरते. तासभर थांबलं
की काही झालंच नाही अशी उठते.
तापीच्या पुलाशी तर हमखास.
लोक म्हणतात, पुलाचंच काहीतरी आहे."

जैनूचाचा पिंजारी न पेटवलेली बिडी ओठात धरून
गाडीभोवती एक फेरी मारून आला.
मी तेव्हा चौदाचा,
दहाचा पाना मागितला की बाराचा देणारा.
"आयक रे भो," तो म्हणाला, "पह्यले कान. पाना मंग."

त्याचा बाप गावोगाव गाद्या भरायचा.
पिंजणाची तात जरा उतरली
तरी ओट्यावर झोपल्या झोपल्या सांगायचा,
सरकी राहिलीय.
हा कान तिथला.
पण त्या दिवशी कानाला काही लागलं नाही.
तिन्ही सिलिंडर एकमेकांच्या पावलात पाऊल टाकत होते.
"इले काही व्हयेल नही," चाचा म्हणाला, जरा रागानेच.
मग तो, ज्याला सही यायची नाही,
म्हणाला, "सर, वही वाचा."

सर वाचू लागले, पाढे म्हणावेत तसे:
टाकी अर्धी, सतरा किलोमीटर.
अर्धी, अठरा.
भरलेली, सहा.
काटा तळाला: चोपडा ते अमळनेर, न थांबता.

"परत."

"भरलेली, सहा."

चाचाने बिडी कानामागे खोचली
आणि बोनेट आपटून बंद केलं.

मी ॲक्सिलेटरवर पाय ठेवून बसलो.
चहा आला, कप परत गेले,
ऊन पत्र्याच्या कडेवरून माझ्या गुडघ्यावर उतरलं.
मग गाडी खोकली. एकदा. मग सलग.
चाचा मागे उभा होता, पेट्रोलच्या झाकणावर हात.
फिरवलं.

स्स्स.
बाहेर नाही, आत.
केवढी हवा घाईघाईने आत गेली,
आणि इंजिन
जसं काही कुणी त्याच्या छातीवरून उठलं.

टाकीला श्वास घ्यायची एक बारीक नळी असते.
चाचाने सायकलची आरी घालून ती खरवडली.
पांढरी माती पडली, तापीकाठची,
थुंकीने मळून थापलेली, आत घोटून गुळगुळीत.
कुंभारणीचं घर.
चार हिरव्या अळ्या, सुन्न, एकीवर एक रचलेल्या
आणि त्यांच्या उशाला तांदळाएवढं काही, हलणारं.
मी फेकायला निघालो.
"ऱ्हाऊ दे," म्हणत त्याने ते प्लगच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं,
खोका वर, फळीवर.

"किती झाले?"
"चहाचे द्या."
सरांनी बॅटरीवर पन्नासची नोट ठेवली, पाना ठेवला तिच्यावर,
वही उघडली, लिहिलं:
कारण – माती. वजन – नगण्य.
लिंबं मात्र काढली नाहीत.
जाताना ती काचेवर टकटक करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी
कंबर दोऱ्याएवढी असलेली ती आली,
तोंडात ओल्या मातीची गोळी.
गाडी उभी होती तिथे, जमिनीपासून बरोबर तेवढ्याच उंचीवर,
काहीच नसलेल्या जागेभोवती घिरट्या घालत राहिली.
चाचा पाहत होता. मी दहाचा पाना शोधत होतो.
बराच वेळ त्याने मागितला नाही.