किल्ल्यांचा जुडगा

जाहिरातीत आम्ही लिहिलं होतं:
संचालक पाहिजे. नदी एक, ओहोळ तेवीस.
पगार बेताचा. स्वतःची गाडी असल्यास बरं.
'नेतृत्वगुण' हा शब्द वकिलीणबाईंनी आग्रहानं घालायला लावला.
मी खजिनदार. मी फक्त पगाराचा आकडा थोडा खाली आणला.

वेस्ट व्हर्जिनियाच्या या कोपऱ्यात
पाच अर्ज आले, म्हणजे डोक्यावरून पाणी.
तिघांनी पगार विचारला आणि पुन्हा फोन केला नाही.
चौथा फार शिकलेला.
त्यानं भिंतीवर आमचंच खोरं आम्हाला दाखवलं,
उपग्रहातून, हिरवंगार,
नारिंगी पाण्याची रेघ
तेवढ्या उंचीवरून दिसतच नव्हती.

पाचवी डेसी रॅटलिफ.
वीस मिनिटं उशिरा, गुडघ्यापर्यंत चिखल.
म्हणाली, पुलाखाली पाणी रोजच्यापेक्षा पिवळं दिसलं,
म्हणून थांबले.
आणि बाटली ठेवली टेबलावर, आमच्या कॉफीच्या कपांत.
कुणी प्रश्न विचारायच्या आत
आर्व्हेलानं झाकण उघडून वास घेतला.
'वरची बंद खाण. तिसऱ्या बोगद्याचं तोंड फुटलंय.'
'दुसऱ्या,' डेसी म्हणाली.
सव्वीस वर्षांत आर्व्हेला पाण्याबाबत
पहिल्यांदा चुकली,
आणि मी तिला इतकी खूश
कधीच पाहिली नव्हती.

मग नेमणुकीचे कागद आले, सह्या झाल्या.
कागदावर जे नव्हतं ते आर्व्हेला तोंडी सांगत गेली,
बोटं न मोडता, आठवेल तसं:
सुनावणीला तीन तास बसायचं, बोलायला तीन मिनिटं.
ज्याच्या घरी नळाचं पाणी पांढरा सदरा पिवळा करतं
तोच सर्वांदेखत म्हणेल, 'आमच्या पोटावर पाय आणू नका.'
ऐकून घ्यायचं. त्याचं पोट खरंच असतं.
चुनखडीचा ट्रक सांगितल्या दिवशी येत नाही.
पहिला ट्राउट दिसला की
पेपरवाल्यांच्या आधी त्याला फोन करायचा
जो म्हणाला होता, या जन्मी दिसणार नाही.

शेवटी तिनं जुडगा काढला.
एक्केचाळीस किल्ल्या. लोकांच्या कुरणांच्या, फाटकांच्या,
एक तर चर्चच्या मागच्या दाराची.
प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, सुतळीनं बांधलेली.
डेसी मोठ्यानं वाचू लागली:
'मलिन्स. कुत्रं बांधलेलं नसतं.'
'विधवा स्पेन्स. आधी तिच्या मुलाचा फोटो बघ, मग पाणी.'
'क्लाइड. राजकारण काढू नकोस.'
'लोनी स्टिडहॅम. टायर.'

लोनी स्टिडहॅम म्हणजे मी.
एकवीस वर्षं खाणीत होतो.
शाळेच्या हॉलात सुनावणी होती त्या रात्री
बाहेर बर्फ, तिची गाडी एकटी उभी,
माझ्या खिशात चाकू.
चारही.
ती सात मैल चालत घरी गेली, हे दुसऱ्या दिवशी कळलं.
त्या वर्षीच्या जमाखर्चात
'टायर, जुने, नग चार' अशी नोंद आहे.
खजिनदार झालो तेव्हा पाहिली,
पान उलटलं.
फाटकाची किल्ली मी तिला त्यानंतर अकरा वर्षांनी दिली,
माझ्या विहिरीला वास यायला लागला तेव्हा.
तिनं घेतली. काही विचारलं नाही.
घरी जाऊन चिठ्ठी मात्र लिहिली.

'टायर म्हणजे?' डेसीनं विचारलं.
आर्व्हेला खिडकीबाहेर बघत होती,
बाहेर बघण्यासारखं काही नसताना.

मी कोट उचलला.
म्हटलं, बोगद्याकडे जायचंय ना तुला?
चल, गाडी मी काढतो.
वाटेत सांगतो.
ब्रेक जरा उशिरा लागतात,
पण लागतात.