वेल्क्रो

मनगटाचा पट्टा सकाळी सोडते तेव्हा
चर्रर्र असा आवाज होतो.
बारा वर्षं झाली. दिवाकर त्यानंच उठतात,
गजर लावायची गरज नाही आमच्या घरी.
पुढचा तासभर बोटं माझी नसतात.
कुकरचं झाकण लावायला शेजारची गार्गी येते.

धंतोलीच्या डॉक्टरीणबाईंनी पाठीला स्टेथो लावला,
खाली, अगदी बरगडीच्या काठाशी,
आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.
मग म्हणाल्या, वेल्क्रो माहीत आहे ना, नंदेश्वरताई?
तसं वाजतंय आत.

मी म्हटलं, मॅडम, माझा तर हातांचा आजार.
त्या म्हणाल्या, या संधिवाताला
सांधे कुठं संपतात ते कळत नाही.

घरात कबुतरं?
नाही.
कूलर?
मी हसले, मग खोकले, मग खोकतच राहिले.
नागपुरात, मे महिन्यात, हा प्रश्न!
भरताच्या वांग्यासारखं भाजून घ्यायचं का आम्ही?
कूलरचं गवत दरवर्षी बदलता?
दिवाकर छताच्या पंख्याकडे पाहून राहिले.

तपासणीच्या खोलीत उमरेडचा एक पोरगा.
फुंका काकू, फुंका फुंका फुंका, अजून, अजून!
वाढदिवसाचे फुगे फुगवून घेतल्यासारखा उत्साह त्याचा.
बोटाला चिमटा लावला, आकडा येईना.
दुसरं बोट. तिसरं.
वाकडी, गार बोटं;
यंत्राला वाटलं, घरात कोणी नाहीच.
शेवटी कानाच्या पाळीवर सापडले मी.
एक्याण्णव.

रविवारच्या गोळ्या तूर्त बंद.
आठवड्याचं काही ठरो न ठरो, रविवार ठरलेला असायचा:
सकाळी गोळ्या, दुपारी मळमळ,
दिवे लागल्यावर दोन घास खिचडी.
आता तो मोकळा पडलाय,
आणि मला त्याचं काय करावं सुचत नाही.

काल बर्डीवर चालता चालता थांबले.
दम लागला हे दिवाकरांना कळू द्यायचं नव्हतं,
म्हणून बांगड्यांच्या दुकानासमोर,
लाखेच्या हिरव्या जोडाकडे पाहत.
या हातांवरून एक कडं चढत नाही कधीचं.
माप सांगा ताई, दुकानदार म्हणाला.
माझ्याजवळ तेव्हा एका आकड्यापुरतीही हवा नव्हती.
त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं,
मग तोंडाकडे,
आणि गल्ल्यावरून न उठता
पायानंच एक स्टूल पुढे सरकवलं,
पलीकडच्या मुलीला माप विचारत.