जड हवा

रूल्फीन, बादलीभर स्वच्छ पाणी आण, मी म्हटलं.
ती गेली, हातमोजे न काढताच.

द्रेंथचं सपाट रान. सप्टेंबर.
उन्हाळाभर पाऊस नाही, मका छातीएवढाच राहिला,
तोच कापून, दाबून, मुरघासाला निजवलेला
काळ्या प्लास्टिकखाली, वर जुन्या टायरांचं ओझं.

परवा दुपारी प्लास्टिकच्या कडेनं
नारिंगी-तपकिरी काहीतरी निसटलं.
लाम्मर्ट म्हणतो, हवेला गंज चढल्यासारखं.
नऊ वर्षांचं पोर, बघत राहिलं
ट्रॅक्टरच्या वरच्या पायरीवरून.
म्हणून आज शाळेत आहे.

ते हवेहून जड.
पाण्यासारखा उतार शोधतं.
गाईंच्या पोटांखालून सरपटत गेलं,
आणि उतार जिथे संपतो तिथल्या पांढऱ्या खोपींत
बसलेल्या वासरांच्या नाकाशी थांबलं.

अमोनिया निराळा.
तो दारातच भांडण काढतो.
डोळ्यांना धारा, नाकात आग,
जनावर दावं तोडून पळतं.
ओलाव्यात चटकन विरघळणारा चोर
उंबरठ्यावरच सापडतो,
खोकला त्याला मानगुटीला धरून बाहेर काढतो.
हे तसं नाही. हे सावकाश विरघळतं,
म्हणून गाजावाजा नाही.
नाक ओलांडतं, श्वासनळी ओलांडतं,
फांदीवरून डहाळीवर, डहाळीवरून देठावर,
जिथे भिंत कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ
तिथे पोचल्यावर मग त्याचं आम्ल होतं.

संध्याकाळी दूध प्यायली हो, डॉक्टर,
शेपट्या उडवत प्यायली.
हे रूल्फीननं सकाळपासून पाचव्यांदा सांगितलं.
हो, प्यायली असतील.
पहिले काही तास असेच जातात.
मग भाजलेला पापुद्रा पाझरू लागतो,
रक्तातलं पाणी हवेच्या खोल्यांमध्ये शिरतं
आणि वासरू कोरड्या पेंढ्यावर बुडतं,
मान ताणलेली, कोपरं फाकलेली,
ओठांवर गुलाबी फेस.

अकरांपैकी सहा.
मी एकाचंच उघडलं. ४४१७, कानातला पिवळा बिल्ला.
फुप्फुस हातात घेतलं तर ओल्या घोंगडीसारखं,
बोट दाबलं तर खळगा तसाच.
त्याचा बोराएवढा तुकडा पाण्यात सोडला.
चांगलं फुप्फुस तरंगतं.
कापलं, मेलं, तरी हवा सोडत नाही,
बुचासारखं वर येतं.
हा तुकडा क्षणभर विचार केल्यासारखा थांबला
आणि खाली गेला.
बादलीच्या तळाशी टेकल्याचा आवाज होत नाही,
तरी आम्ही दोघींनी ऐकला.

आज पहाटे हिच्याजवळ होते मी, रूल्फीन म्हणाली,
आत खोपीत, आडवी पडून,
मांडीवर डोकं घेऊन. तासभर.

वास?

थोडा. फरशी पुसायच्या ब्लीचसारखा.
पण मला काही झालं नाही, डॉक्टर.
एकदासुद्धा खोकले नाही.

अभिमानानं म्हणाली ती.

मी सुरी ठेवली.
कोट घाल, म्हटलं.

गाई कोण पिळेल, तिनं विचारलं,
बादली ओतायची राहिली, लाम्मर्ट तीनला येतो,
किल्ली पायपुसण्याखाली ठेवावी लागेल.
सगळं बरोबर होतं. सगळं करून झालं.
अस्सेनपर्यंत पंचवीस मिनिटं.
रेडिओ लावला नाही मी.
कालव्याकडेची झाडं जात होती
आणि मी एकीकडे रस्ता,
एकीकडे तिचे श्वास मोजत होते.