पंधरा फूट

राकसकोपची पातळी उतरली तेव्हा
वरनं कागद आला, तलाव रिकामा करा.
चक्र मीच फिरवलं. रात्रभर
पाणी गुळगुळत गेलं मागच्या नाल्यात.
सकाळी सहाला पोरं आली टोप्या-चष्मे घेऊन
आणि काठावर नुसती उभी राहिली,
जेवायला बोलवून पान न वाढल्यासारखी.

बाळगौडा सरांनी शिट्टी खिशात घातली,
शिडी उतरले, तळाशी उभं राहून म्हणाले,
"बर्री. पाणी नाही म्हणून
खांद्यांना सुट्टी नसते."

तेव्हापासून रोज
निळ्या फरशीवर, काळ्या पट्ट्यांवर
सतरंज्या टाकून अकरा पोरं
कोपरांवर तोलून राहतात, फळीसारखी.
सर मोजतात कन्नडात, ओंदु, एरडु, मूरु,
पोरं कण्हतात मराठीत.
आवाज भिंतींना आपटून परत येतो,
एकेक आकडा तीनदा ऐकू येतो.
सन्मती म्हणतो, "सर, मग तिप्पट धरा की!"

ट्रॅक्टरच्या ट्यूबा कापून पट्टे केलेत.
ते शिडीच्या दांड्याला अडकवून
पोरं वाकतात आणि हवा मागं ओढतात,
कोपर वर, पंजा खाली, पार मांडीपर्यंत.
"हाताला काहीच लागत नाही, सर."
"लागंल. रबर सांगंल तुला."

फुटलेल्या फुटबॉलात वाळू भरून
शहापूरच्या चप्पलवाल्यानं शिवून दिलाय,
तो छातीवरनं फेकायचा, झेलायचा.
मग गुडघ्यांवर बसून घोटे मागं दाबायचे,
पाऊल शेपटीगत लवावं म्हणून.
फिलोमेना तेव्हा डोळे मिटून
आईच्या बेकरीतल्या बरण्यांची नावं घेते.
तिचे घोटे अजून माणसाचेच आहेत.

मी वर, पंपघराच्या पायरीवर.
एकोणीस वर्षं या पाण्यात क्लोरीन घातलंय,
नुसत्या रंगावरनं त्याचा ताप ओळखलाय.
पोहायला येत नाही मला.
कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

शिवलीला खासबागची, बाप मागावर.
उथळात सापासारखी सरसर जाते,
पण तळ जिथं घसरत खाली जातो
तिथं तिचा एक हात उशिरा पडतो.
सर म्हणतात, दम कमी.
मला वरनं दिसतं,
तिथं ती खाली बघते.

एकदा सराव संपल्यावर
ती उतारावरनं चालत गेली, पार जाळीपर्यंत.
तिला तिथं केसांची पिन सापडली,
दोन रुपये, कुणाचं तरी एक कानातलं.
हात वर करून तिनं काठ बघितला.
"पंपमामा, एवढंच आहे हे?"
"पंधरा फूट."
"या की खाली."

चप्पल काढून गेलो.
वाळलेलं शेवाळ पायाखाली कुरकुरत होतं.
तिथनं आभाळ चौकोनी दिसतं
आणि पायरीवरचा माझा चहाचा पेला
कुणा दुसऱ्याचा वाटतो.
ती पालथी झाली, हात चालवू लागली.
"मोजा," म्हणाली.
मी मोजलं. कुठल्या भाषेत, ध्यानात नाही.
उताराच्या जागी हात उशिरा पडला का, तेही
कळलं नाही. उतारावरच तर होतो दोघं.

परवा निरोप आला, पाणी सोडतोय.
वहीत लिहिलं: रात्री दोन दहा, व्हॉल्व्ह उघडला.
बॅटरी मारली तर जाळीजवळ
तिची सतरंजी राहिलेली.
शिडी उतरलो, उतारावरनं खाली गेलो.
सतरंजी उचलून खांद्यावर टाकली, जड झाली होती.
वर यायला हवं होतं.
पाणी घोट्यांपर्यंत आलं, गार,
मग पिंढरीला.
मी मोजत उभा राहिलो.