भिजवलेले बटाटे

पहाटे उठले की आधी डावं मनगट कानाशी धरते.
आत घरघर चालू आहे.
बरं. मग चूल.

चिंचेरोच्या बाजारात तीस वर्षं बटाटे विकले मी,
जांभळे, पिवळे, प्यूमाच्या पंजासारखे वाकडे,
एकेकाला नावानं ओळखते.
आता आहारवाली पोरगी, युलिसा, सांगते:
चिरा, रात्रभर पाण्यात ठेवा, ते पाणी ओता,
नव्या पाण्यात उकडा, तेही ओता.
म्हणजे चवच ओता की गं!
ती हसली नाही. कागदावर गोल काढला.

दिवसाचं पाणी निळ्या बाटलीत. तेवढंच.
सूप त्यातच धरायचं, कोकाचा चहाही.
परवा गारा पडल्या. एक तोंडात टाकली,
आणि बाटलीतलं घोटभर झाडाला घातलं.

डाव्या हाताला ओझं नाही,
पाठीवरचं गाठोडं नात नेते, कुरकुरत.

सकाळी वजन: त्रेपन्न किलो सहाशे. कालपेक्षा जास्त.
तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या काट्यावर
कधी अंगठा टेकवलाच नाही,
असं देवासमोर म्हणणार नाही मी.
या काट्यावर मात्र हात वर धरून उभी राहते.
वहीत लिहिते, सहाशे. पाचशे नाही.

रात्री परातीत फोडी बुडतात, पाणी गढूळतं.
मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी कुस्कोच्या दवाखान्यात
मीही अशीच चार तास पडून असते;
कुणीतरी माझं पाणी बदलतं.

चव राहते थोडी.
खाऊन बघा.