मोजदाद

गुरुवारची नऊ पाचची बस आम्हाला लानवेद्वेनच्या चौकात सोडते.
चौक म्हणजे बंद पडलेलं पोस्ट, अजून चालू असलेलं चर्च,
आणि दोघांच्या मधे एक नळ,
ज्याचं पाणी पिऊ नये अशी पाटी आहे.
हेविन पितो.

इड्वल शिट्टी वगैरे वाजवत नाही. काठी उचलतो, बस्स.
एकोणीस वर्षं तो पुढे आणि आम्ही मागे.
जमीन मोजण्याच्या खात्यात होता,
वेल्सभर दुसऱ्यांच्या बांधांची भांडणं
मिटवता मिटवता म्हातारा झाला.

आज नऊ मैल. तीन चढ.
शिवाय हेविनचा उजवा गुडघा, ज्याची बातमी
दर अर्ध्या मैलाला मागून पुढे पोचवली जाते.

पहिल्या फाटकाशी इड्वल वळला, हनुवटीने मोजलं:
एर्लिस, जी शाळेत स्वयंपाक करायची
आणि अजूनही सगळं शाळेला पुरेल इतकं करते,
प्रॉसर नवराबायको, जे घरी बोलत नाहीत म्हणे,
ग्वेन्डा, हेविन, हेविनचा गुडघा,
आणि बाकीचे आम्ही.
अकरा.
बरं, म्हणाला, आणि निघाला.

कुरणात मेंढ्या व्यालेल्या.
आईच्या कुशीवर निळ्या रंगात अठ्ठावीस,
दोन्ही कोकरांवरही अठ्ठावीस.
म्हणजे धुक्यात, कुत्र्याच्या धाकात पांगापांग झाली
तरी कोण कुणाचं हा प्रश्न उरू नये.
ग्वेन्डा म्हणाली, लग्नात आपल्यालाही असंच रंगवायला हवं होतं.
प्रॉसरबाई हसल्या.
प्रॉसर हसले नाहीत. मग हसले.

वारा असा, की तोंडातून निघालेला शब्द
शेजारच्या परगण्यात जाऊन पडावा.
चंडोल मात्र उभ्या जिन्याने वर, आणखी वर,
गाणं न थांबवता.
त्याला गुडघे कुठे आहेत, हेविन म्हणाला.

खिंडीतल्या दगडी भिंतीच्या आडोशाला जेवलो.
फ्लास्कमधला चहा, कांदा-चीजची सँडविचेस,
एर्लिसचा मनुकांचा केक.
तेरा तुकडे, सवयीने.

दुसरं फाटक. इड्वलने मोजलं.
पुन्हा मोजलं. हनुवटी सोडून बोटांवर आला.
"एक कमी."
आम्ही अकराही जण त्याच्या पुढ्यात उभे.
तो कपाळावर हात धरून चढाकडे बघत राहिला.
"तेग्वेन असणार. फाटक नीट लागलं का
बघायला परत गेली असेल."

फेब्रुवारीत तिला आम्हीच पोचवून आलो होतो.
तेव्हाही इड्वलच पुढे होता.

कुणी नकाशा उघडला. कुणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.
मग प्रॉसर, होय, प्रॉसर, म्हणाले,
"मी लावलंय फाटक. दोनदा ओढून पाहिलं."

इड्वलने "बरं" म्हटलं,
पण काठी उचलली नाही.
ग्वेन्डाने स्वतःची उचलली आणि पुढे झाली,
जणू वाटेत तिचं काही सांडलं होतं
आणि आत्ता आठवलं.
एकोणीस वर्षांत प्रथमच तो मधे चालला.

ओढ्याशी एर्लिसने त्याचा हात धरला नाही.
फक्त प्रत्येक दगडावर आपला पाय आधी ठेवला,
कोणता डुगडुगतो ते त्याला दिसावं म्हणून.

थांब्यावर बुटांचा चिखल झाडताना
कुणाकडेच न बघता तो म्हणाला,
"सांगायचं होतंत."
एर्लिस डब्याचं झाकण लावत होती. तळाशी एक तुकडा.
"काय सांगणार," ती म्हणाली,
"आम्हालाही एक कमीच येत होती."

पाच चाळीसची बस आली.
पायरीवर हेविन अडला, त्याच्यामागे आम्ही सगळे.
आले का सगळे, ड्रायव्हरने विचारलं.
"एक मिनिट," इड्वल म्हणाला,
आणि रस्ता ओलांडून चर्चच्या फाटकाशी गेला,
कडी ओढून पाहिली,
दोनदा,
मग येऊन चढला.